मागच्या माणसाचे आकडे

काकूंना काकू म्हणायला सुरुवात केली ती ऑफिसातल्या एका टवाळ सहकाऱ्याने, त्यांच्या चाळिसाव्या वाढदिवशी. तो दोन वर्षांत नोकरी सोडून गेला, नाव मात्र मागे ठेवून गेला. आता साहेबसुद्धा त्यांना काकू म्हणतात, आणि साहेब त्यांच्यापेक्षा तीन वर्षांनी मोठे आहेत. काकूंनी कधी हरकत घेतली नाही. हरकत घेणं हा त्यांचा पिंडच नव्हता, त्यांचा पिंड काळजी करण्याचा.

घरातून निघताना गॅस बंद आहे ना हे त्या दोनदा बघत आणि जिना अर्धा उतरल्यावर तिसऱ्यांदा बघायला परत वर जात. आभाळ कोरडं ठणठणीत असलं तरी पिशवीत छत्री असायचीच. नवरा म्हणायचा, "अगं, एखाद्या दिवशी काळजी करायला काहीच मिळालं नाही, तर त्याचीच काळजी करत बसशील तू!" नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा. दिवसभर परक्या इमारतींत खालीवर करायचा आणि स्वतः कशानेही हलायचा नाही. जोडी मोठी छान जमली होती. एकाने काळजी करायची आणि दुसऱ्याने त्यावर हसायचं, असं बावीस वर्षं चाललं होतं.

काकूंची नोकरी सर्व्हरची. म्हणजे लोक मोबाइलवर एखादं पान उघडतात, बटण दाबतात आणि समोर माहिती येते. ती ज्या दूरच्या मशीनवरून येते, त्या मशीनने काय करायचं ते लिहून देणं हे काकूंचं काम. ते लिहायच्या भाषा पुष्कळ आहेत. काकूंना एकच येत होती, पीएचपी. अठरा वर्षांपूर्वी त्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्ताचे रिपोर्ट टाइप करायला लागल्या. तेच ते टाइप करून विटल्या, तेव्हा रद्दीवाल्याकडून पीएचपीचं एक जाडजूड पुस्तक उचलून आणलं. पुस्तकाची पहिली चाळीस पानं गायब होती. त्यामुळे प्रोग्रामिंग म्हणजे काय हे काकूंना कधी कळलं नाही, ते कसं करायचं एवढंच कळलं. वर्षभरात त्यांनी असं पान बनवलं की लोकांना घरबसल्या आपला रिपोर्ट दिसायला लागला. ते पाहून साहेबांनी त्यांना आपल्या छोट्याशा कंपनीत बोलावून घेतलं. तेव्हापासून सतरा वर्षं खुर्ची तीच, भाषा तीच आणि गिऱ्हाईक म्हणून लॅबही तीच.

त्या जुन्या भाषेचा एक स्वभाव होता, तो इथेच सांगून ठेवतो, कारण पुढे सगळं घोडं तिथेच अडलं. कुणी पान उघडलं की ती कोरी पाटी घेऊन बसायची. त्या माणसाचं काम त्या पाटीवर करायची, उत्तर पाठवायची आणि पाटी पुसून टाकायची. पुढच्या माणसाला नवी पाटी. एकाचं लिहिलेलं दुसऱ्याच्या पाटीवर कधी उमटायचं नाही. पुसण्याचं काम भाषाच करायची, काकूंना त्यात बोटही हलवावं लागत नव्हतं.

लॅबच्या मालक डॉक्टरीणबाई. त्यांच्या आधी सहा शाखा होत्या. या वर्षी त्यांनी दुसरी एक मोठी साखळी आपल्यात सामील करून घेतली आणि शाखा झाल्या ऐंशी. सकाळी बरोबर नऊला 'तुमचा रिपोर्ट तयार आहे' असा मेसेज सगळ्यांना एकदम जायचा आणि सगळे एकदम बटण दाबायचे. सहा शाखांना हे कसंबसं झेपत होतं. त्यातही एकदा सकाळी साइट चाळीस मिनिटं बंद पडली. त्या चाळीस मिनिटांत काकूंनी पाण्याचे सात ग्लास प्यायले होते.

"ऐंशी शाखांना ही साइट पुरायची नाही," साहेब म्हणाले. "नवी बांधायची. भाषा कुठली घ्यायची ते तुम्हीच ठरवा, काकू. त्या साइटचं पोट तुमच्याएवढं कुणाला माहीत आहे? तीन आठवडे घ्या. आणि जी भाषा घ्याल, तिच्या टीमच्या प्रमुखही तुम्हीच." एवढ्यावर थांबले असते तर बरं झालं असतं. पण दारातून वळून पुन्हा म्हणाले, "फक्त उद्याची घ्या हं. कालची नको."

काकूंची नजर डावीकडे गेली. त्यांच्या डाव्या हाताला एक रिकामी खुर्ची होती. मागच्या वर्षापर्यंत तिथे एक गृहस्थ बसायचे. त्यांना काकूंच्या भाषेपेक्षाही जुनी एक भाषा येत होती. त्या भाषेचं शेवटचं काम संपलं, त्या आठवड्यात त्यांना पुष्पगुच्छ आणि भिंतीवरचं घड्याळ देऊन निरोप दिला. आता त्या खुर्चीवर सगळ्यांच्या पिशव्या असत. काकू तिथे आपली पिशवी कधी ठेवत नसत.

उजव्या हाताला धाकटी बसायची. टीममध्ये वयाने सर्वांत लहान म्हणून धाकटी, एरवी अठ्ठावीस वर्षांची आणि चार भाषा येणारी. कानामागून आली आणि तिखट झाली, असं काकू घरी म्हणत, पण त्यात राग कमी आणि धास्ती जास्त होती. धाकटी मोकळी होती. पहिल्याच दिवशी खुर्ची सरकवून म्हणाली, "काकू, खरं सांगू का? पीएचपी घ्या, नोड घ्या, नाहीतर गो घ्या. ऐंशी शाखा तिन्हींत चालतील. तुमचा हात ज्यात बसलाय त्यात करा. सर्व्हर एकाचे तीन लावले तरी झालं."

काकू हसल्या. मनात म्हणाल्या, ही मला खड्ड्यात घालतेय. मी कालची भाषा घेणार, साहेब नाक मुरडणार, आणि माझ्या खुर्चीवर पिशव्या येणार.

तरी त्यांनी काम प्रामाणिकपणे केलं. वहीत रकाने पाडले. कुठली भाषा किती माणसं एका वेळी झेलते, कुठलीत चूक लवकर सापडते, कुठली येणारी माणसं सहज मिळतात, असं सगळं मांडलं. चौथ्या दिवशीच उत्तर निघालं, आणि ते धाकटीने सांगितलं तेच होतं. तिन्ही चालतील, आणि काकूंच्या हातून चुका सर्वांत कमी होतील त्या जुन्या भाषेत. काकूंनी ते पान वहीत दुमडून ठेवलं आणि साहेबांना सांगितलं, "नोड."

ही निवड भीतीने केली होती. भीती माणसाला शहाणं करते असं म्हणतात. काकूंना तिने फक्त घाईत आणलं.

नोडची गंमत अशी, की ती म्हणजे अख्खं हॉटेल एकटा सांभाळणारा वेटर. एका टेबलाची ऑर्डर स्वयंपाकघरात टाकली की तिथे ताटकळत उभा राहत नाही, तेवढ्यात दुसऱ्या टेबलाकडे जातो, मग तिसऱ्या. म्हणूनच ती थोडक्या यंत्रांत पुष्कळांना पुरते. काकू रोज पहाटे पाचला उठून स्वयंपाकघराच्या टेबलावर लॅपटॉप उघडायच्या आणि शिकायच्या. नवरा चहा करून शेजारी ठेवायचा. त्याचा बिनसाखरेचा, नऊ वर्षं बिनसाखरेचा. रक्तातली साखर दीडशेच्या खाली उतरायचं नाव घेत नव्हती आणि गोळ्या चालू होत्या.

"जमतंय का?" तो विचारायचा.

"जमल्यासारखं वाटतंय. तपासल्याशिवाय काय सांगू?"

"मग दोघांकडून तपासून घे. एकट्या माणसाने लिफ्ट तपासली की ती नेहमीच चांगली चालते. दोन मजल्यांवरून दोघांनी एकदम बटण दाबायचं, तेव्हा तिचे खरे गुण दिसतात."

"अहो, माझ्याकडे दोन हजार माणसं बटण दाबणार आहेत, दोघांचं काय घेऊन बसलात!" काकू म्हणाल्या. आणि ते खोटं नव्हतं. दोन हजार माणसांचं सोंग घेऊन एकदम साइटवर तुटून पडणारा एक प्रोग्राम असतो, तो त्यांनी लावला. निकाल आला तेव्हा काकूंना रडू फुटायचं बाकी होतं. एकही चूक नाही आणि वेग जुनीच्या चौपट. साहेबांनी तो आलेख छापून दारावर चिकटवला. धाकटीने मनापासून टाळ्या वाजवल्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एका शाखेत सोमवारपासून वापरून बघू, आणि गुरुवारी सकाळी अकराला बसून ऐंशी शाखांचं पक्कं करू.

ती एक शाखा काकूंच्या घरापासून दोन थांब्यांवर होती. नवऱ्याची वर्षाची रक्ततपासणी तिथेच असायची. सोमवारी सकाळी नऊला त्याला मेसेज आला. तो एका इमारतीच्या गच्चीवर, लिफ्टच्या मोटरजवळ उभा होता. तिथूनच त्याने काकूंना फोन केला.

"अठ्ठ्याऐंशी!"

"काय अठ्ठ्याऐंशी?"

"साखर, उपाशीपोटीची! अगं, अठ्ठ्याऐंशी! माझ्या धाकट्या भावाचीसुद्धा नाही एवढी चांगली. फोटो काढून पाठवला त्याला."

काकूंचे डोळे भरून आले. नऊ वर्षांची काळजी अशी एका फोनवर उतरते हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्या संध्याकाळी नवऱ्याने चहात दोन चमचे साखर घातली आणि कप दोन्ही हातांत धरून प्यायला. गोळ्यांची डबी कपाटात वरच्या फळीवर गेली. "पुढच्या आठवड्यात डॉक्टरांना विचारू की," तो म्हणाला. एरवी काकूंनी तिथल्या तिथे विचारायला लावलं असतं. पण गुरुवार तीन दिवसांवर होता, आणि काळजीची सगळी पुंजी तिकडे खर्च झाली होती.

गुरुवारी सकाळी काकू सातलाच तयार होत्या. इस्त्रीचे कपडे, वहीत मुद्दे आणि हातांना घाम. नवरा टेबलाशी बसून पाण्याचा तिसरा ग्लास पीत होता.

"दोन दिवस झाले, घसा नुसता कोरडा पडतोय," तो म्हणाला. "गच्चीवर ऊन फार."

काकू थबकल्या. त्यांनी त्याचा मोबाइल घेतला आणि रिपोर्टचं पान उघडलं. वर नवऱ्याचं नाव, वय, सगळं बरोबर. खाली साखर दोनशे एकाहत्तर.

"अहो, तुम्ही अठ्ठ्याऐंशी कुठे वाचलं?"

"कुठे म्हणजे? त्यातच. भावाला फोटो पाठवलाय, बघ."

काकूंनी फोटो उघडला. तेच पान, तेच नाव, तीच तारीख. साखर अठ्ठ्याऐंशी. त्यांनी दोन्ही आलटून पालटून पाहिलं. एका माणसाच्या रक्तात एका सकाळी दोन आकडे नसतात. यातला एक त्याचा होता आणि दुसरा कुणाचा तरी होता.

"आधी गोळी घ्या," त्या म्हणाल्या. खुर्चीवर चढून त्यांनी डबी खाली काढली. "आणि डॉक्टरांना फोन करा, आत्ताच्या आत्ता. आणि साखर टाकू नका चहात."

"अगं, पण झालं काय?"

"संध्याकाळी सांगते. आत्ता माझं ऐका."

नवऱ्याने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि बावीस वर्षांत पहिल्यांदाच न हसता गोळी घेतली. काकू निघाल्या. गॅस बघायला त्या दिवशी त्या एकदाही परत गेल्या नाहीत.

बसमध्ये त्यांना नवऱ्याची लिफ्ट आठवली. दोन मजल्यांवरून दोघांनी एकदम. त्यांनी दोन हजार माणसांची चाचणी घेतली होती खरी, पण त्या दोन हजारांना एकच रुग्ण दिला होता, 'चाचणी रुग्ण एक'. प्रत्येकाने त्याचाच रिपोर्ट मागितला आणि प्रत्येकाला त्याचाच मिळाला. चाचणीने उत्तरं मोजली, वेळ मोजला. उत्तर कुणाचं आहे ते तिने पाहिलंच नाही, कारण पाहण्यासारखं काही ठेवलंच नव्हतं. एकट्या माणसाने लिफ्ट तपासली होती, दोन हजार वेळा.

साडेआठला ऑफिसात कुणी नव्हतं. काकूंनी पिशवी खांद्यावर तशीच ठेवून आधी त्या शाखेची साइट बंद केली. मग चाचणीसाठी दोन रुग्ण बनवले आणि दोघांच्या नावाने एकदम बटण दाबलं. पहिल्याला दुसऱ्याचा रिपोर्ट आला. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच.

ओळ सापडायला दोन मिनिटं लागली. ती पानाच्या अगदी वर होती. सतरा वर्षं प्रत्येक पानाच्या वर लिहीत आल्या तीच ओळ. आत्ताचा रुग्ण कोण, ते तिथे लिहून ठेवायचं. जुन्या भाषेत प्रत्येकाची पाटी वेगळी, तेव्हा वर काय लिहिलं याने काही बिघडत नव्हतं. इथे पाटी एकच होती आणि ती कुणी पुसत नव्हतं. पहिल्या माणसाचं नाव लिहून सर्व्हर त्याचे आकडे आणायला जायचा, तेवढ्यात मागून दुसरा यायचा आणि त्याच जागी आपलं नाव लिहायचा. मग पहिल्याच्या पानावर नाव त्याचंच राहायचं, कारण ते आधीच छापलेलं असायचं, आणि खाली यायचे मागच्या माणसाचे आकडे.

ही चूक धाकटीने केली नसती, कुठल्याही नवशिक्यानेही केली नसती. ती चूक करायला सतरा वर्षं पीएचपी लिहिलेली असावी लागतात.

दुरुस्ती दोन ओळींची होती. ती करून काकूंनी पुन्हा तपासलं, या वेळी दोनशे रुग्ण घेऊन, दोनशे नावांनी. सगळ्यांना आपापले आकडे आले. तेवढ्यात शाखेतून फोन आला, "मॅडम, साइट बंद दिसतेय?" काकू म्हणाल्या, "पाच मिनिटं." फोन ठेवला, आणि साइट पुन्हा चालू केली.

पावणेनऊ वाजले होते. कुणी आलं नव्हतं. कुणाला काही कळणार नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि मूठ तर छान झाकलेली होती. अकराला उभं राहायचं, आलेख दाखवायचा, टाळ्या घ्यायच्या. काकू खुर्चीत बसल्या.

मग त्यांनी नोंदी उघडल्या. कुणी बटण दाबलं आणि त्याला कुणाचा रिपोर्ट गेला, हे दोन्ही लिहून ठेवायची त्यांची जुनी सवय होती, आणि ती सवय नव्या भाषेतही त्यांनी सोडली नव्हती. सोमवार ते बुधवार जिथे जिथे दोन नावं जुळत नव्हती ती त्यांनी कागदावर उतरवून घेतली. अकरा जण होते. सोमवारच्या नऊच्या मेसेजनंतर माणसांची एक ओळच लागली होती, एकामागून एक, आणि प्रत्येकाच्या हातात मागच्याचा कागद. नवऱ्याच्या मागे एक बावीस वर्षांची मुलगी होती. अठ्ठ्याऐंशी तिचे. आणि नवऱ्याच्या पुढे, पाव सेकंद आधी, चौपन्न वर्षांचा एक माणूस होता. दोनशे एकाहत्तर त्याला गेले होते. तो तीन दिवस ते आकडे घेऊन कुठेतरी बसला होता.

त्या माणसाच्या नावावर काकूंचं बोट बराच वेळ राहिलं.

धाकटी आली. तिने काकूंचा चेहरा पाहिला, मग कागद, मग स्क्रीनवरची ती खोडलेली ओळ. तिला सांगावं लागलं नाही. "बापरे," एवढंच म्हणाली. थोड्या वेळाने हळूच, "दुरुस्त केलंय ना? मग काकू... मी काही बोलणार नाही."

तिने ते चांगुलपणाने म्हटलं होतं. म्हणूनच ते काकूंना जास्त टोचलं.

अकराला डॉक्टरीणबाई आल्या. खोली छोटी, टेबल लांब, खिडकीतला एसी बादलीत ठिबकत होता. साहेबांनी दारावरचा आलेख काढून आणून टेबलावर पसरला होता. काकू उभ्या राहिल्या. वही उघडली नाही.

"या आठवड्यात अकरा जणांना दुसऱ्याचे रिपोर्ट दिसले," त्या म्हणाल्या. "नाव त्यांचं, आकडे दुसऱ्याचे. आज सकाळी मला कळलं. साइट आता दुरुस्त आहे, पण ते अकरा जण अजून तेच खरं मानून बसलेत."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. साहेबांचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला, आणि मग त्यांनी स्वतःला सावरलं. साहेब मनाने वाईट माणूस नव्हते, आणि त्यांना काकूंना वाचवायचं होतं. स्वतःलाही.

"म्हणजे भाषेतच खोट निघाली म्हणायची," ते म्हणाले. "बरं झालं एकाच शाखेत कळलं. ही नवी नवी थेरं अशीच. सतरा वर्षं जुनीत असं एकदा तरी झालं होतं का? नाही ना? मग आपली जुनीच बरी. काय, काकू?"

काकूंच्या मनात आलं, मान डोलवली की झालं. जुनी भाषा परत, तिच्याबरोबर खुर्ची परत, आणि वर काकूंनी वेळेत धोका ओळखला असं नाव. साहेबांनी दार सताड उघडून धरलं होतं. डॉक्टरीणबाई आत्ताच मान डोलवत होत्या. धाकटी खाली बघत पेनचं टोपण उघडबंद करत होती, आणि खरं काय ते या खोलीत तिच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. उलट खरं बोलायचं म्हणजे स्वतःच्या तोंडाने सांगायचं, की होय, मी जुनी झाले, आणि ही म्हाताऱ्या हाताची चूक आहे. महिनाभर ज्या एका वाक्याला भिऊन त्या पहाटे पाचला उठत होत्या, ते वाक्य.

"नाही साहेब," काकू म्हणाल्या. "अंगण सरळ आहे. नाचणारी चुकली."

मग त्यांनी वेटरचं उदाहरण देऊन समजावलं. जुन्या भाषेत प्रत्येक टेबलाला वेगळा वेटर, त्याने ऑर्डरची चिठ्ठी खिशात ठेवली तरी चालायचं. इथे वेटर एक आणि खिसाही एक. चिठ्ठी ज्याच्या त्याच्या टेबलावर ठेवायची असते. "मी सवयीने खिशात ठेवली. आणि तपासताना एकच गिऱ्हाईक घेतलं. दोन्ही चुका माझ्या. भाषेने मी सांगितलं तसंच केलं."

हात दाखवून अवलक्षण, असं साहेबांच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलं होतं.

"मग भाषा कुठली घ्यायची आम्ही?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. आवाज थंड होता.

काकूंनी वहीतलं दुमडलेलं पान सरळ केलं. "तिन्ही चालतील. हे मला चौथ्या दिवशी कळलं होतं, हिने तर पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. ज्या भाषेत आपल्या माणसांच्या चुका कमी होतील ती घ्यायची. मी ती घेतली नाही, कारण मला भीती वाटली."

"कशाची?"

काकूंना त्या रिकाम्या खुर्चीबद्दल सांगायचं होतं. सांगता आलं नाही. "माझी मलाच," असं काहीतरी त्या म्हणाल्या.

ठरलं ते असं. भाषा धाकटी ठरवील आणि टीमही तीच सांभाळील. काकूंच्या प्रमुखपदाचं "नंतर बघू", असं साहेब म्हणाले, आणि नंतर म्हणजे काय हे खोलीतल्या सगळ्यांना कळलं. अकरा जणांना शाखेतून फोन करायला लावते, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तेव्हा मात्र काकू खुर्चीतून अर्ध्या उठल्या.

"फोन मी करते. चूक माझी आहे."

डॉक्टरीणबाईंनी पेन पुन्हा उचललं. "करा. मी शेजारी बसते. औषधाचं कुणी विचारलं तर मी बोलेन."

दुपारी एकपासून फोन सुरू झाले. अकरापैकी एक घरचाच होता, म्हणजे दहा. एका बाईंनी कोर्टात खेचते म्हणून सांगितलं. एक आजोबा तीन तीनदा विचारत राहिले, की मग आधीचा कागद फाडू का. त्या बावीस वर्षांच्या मुलीला तिच्या मागच्याचे आकडे गेले होते, तेही चांगलेच होते. ती म्हणाली, बरं, आणि फोन ठेवला. प्रत्येक फोननंतर काकू नावापुढे खूण करायच्या आणि तळवे पदराला पुसायच्या. चौपन्न वर्षांच्या त्या माणसाचं नाव त्यांनी शेवटी ठेवलं होतं.

फोन उचलला तेव्हा मागे कात्रीचा आवाज येत होता. त्यांचं केस कापायचं दुकान होतं. काकूंनी नाव विचारून खात्री केली आणि मग आतापर्यंत नऊदा म्हटलं होतं तेच म्हटलं. तुम्हाला दिसलेले आकडे दुसऱ्याचे होते. चूक माझी आहे. तुमची साखर ब्याण्णव आहे, अगदी चांगली.

कात्री थांबली. "एक मिनिट हं," ते कुणाला तरी म्हणाले. मग दार उघडल्याचा आणि रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज आला.

"पुन्हा सांगा, ताई."

"ब्याण्णव."

"सोमवारपासून मी वस्तरा हातात घेतला नाही," ते म्हणाले. "गिऱ्हाइकांना सांगतो, दाढी बंद, फक्त केस. हात थरथरतो हो. आमच्या आईचा पाय यातच गेला होता. बायकोला अजून सांगितलं नाही. आज सांगणार होतो."

काकू शिव्यांची वाट बघत राहिल्या. त्या आल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मग त्या माणसाने विचारलं, "मग ते दोनशे एकाहत्तर ज्याचे आहेत, त्याला कळलं का?"

काकूंनी डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं. त्यांनी मान हलवून नाही म्हटलं, दुसऱ्याचं नाव सांगता येत नाही.

"सकाळी गोळी घ्यायला लावली आहे त्यांना," काकू म्हणाल्या. "बाकीचं अजून सांगायचंय."

"नीट बसून सांगा हो, ताई. मोबाइलवर नको. मला कळलं तेव्हा मी दुकानात एकटाच होतो."

"हो," काकू म्हणाल्या. डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या हातातून फोन घेतला आणि त्या गृहस्थांशी दोन शब्द बोलल्या.

दहा नावांपुढे खुणा झाल्या होत्या. अकरावं नाव राहिलं होतं. काकूंनी यादीची घडी करून पिशवीत ठेवली, छत्री आहे ना ते पाहिलं आणि सतरा वर्षांत पहिल्यांदाच साडेचारला घरी निघाल्या.